मिठाच्या करावरचं एक मत

रोम, गुरुवार दुपार

प्रिय कानिओ,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू हे चुलीत टाकलं नाहीस, तेवढ्याबद्दल आधी उपकार. दोन वर्षं झाली, तुझी एक ओळ नाही. गेल्या ईस्टरला मी गावी आलो, तर चौकातल्या कॅफेत मला बघून तू खुर्ची फिरवलीस आणि सगळं मोंतेस्कुरो गालातल्या गालात हसलं. हसू दे. संसदेच्या निवडणुकीत खेचरावर बसून माझ्यासाठी अठरा खेडी तूच पालथी घातली होतीस. "आमचा जेरार्दो विकला जायचा नाही," असं चर्चच्या पायऱ्यांवर उभं राहून घसा फोडून सांगत होतास. तुझा राग मला कळतो रे. मलाही माझा येतो, पण मी खुर्ची कुठे फिरवू?

इथे बरं चाललंय म्हणावं तर खोटं होईल. नदीकाठी बांधकाम निघालंय, चुन्याच्या धुळीने सकाळपासून शिंका. आम्ही दक्षिणेकडचे सातआठ सभासद एकाच खानावळीत जेवतो, हरभऱ्याचा पास्ता खातो आणि एकमेकांच्या डोळ्याला डोळा देत नाही. काल विरोधात गरजणारा आज सरकारच्या बाकावर पाय पसरून बसलेला दिसतो. डावे कोण नि उजवे कोण, देवालाच ठाऊक. कोणाला पूल मिळतो, कोणाच्या जावयाला नोकरी. जेरार्दोला काय मिळालं, असं तू गावभर विचारत असतोस म्हणे. तर ऐक.

मला तू मिळालास.

सरकारचं पहिलं विश्वासमत होतं त्या सकाळी त्रिंकिएरीने मला सभागृहाबाहेरच्या व्हरांड्यात गाठलं. हा आमच्यातलाच एक सभासद, गृहमंत्र्यांचा उजवा हात, बोलणं लोण्यासारखं. माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "काय सन्माननीय, तुमचे मित्र लॅटिन फार छान शिवतात... शिकवतात म्हणे? सार्दिनियातल्या पोरांनाही शिकू द्या की!" स्वतःच्याच चुकीवर मोठ्याने हसला आणि कागद काढला. तुझ्या बदलीचा हुकूम होता. गाव सार्दिनिया बेटावरचं, दलदलीच्या कडेचं, जिथून हिवताप न घेता कोणी परतत नाही. तुझ्या बायकोची, असुंताची, छाती किती कमजोर आहे ते मला माहीत आहे, आणि आपल्या प्रांताचा कारभार बघणाऱ्या प्रिफेक्टलाही माहीत होतं. त्यानेच ते हुकुमाखाली लिहून पाठवलं होतं. "फक्त सही राहिलीय," त्रिंकिएरी म्हणाला. तासाभराने माझं नाव पुकारलं आणि मी उभा राहून "हो" म्हणालो. नंतर दर वेळी म्हणालो. तुला कळवलं असतं तर तू त्याच दिवशी राजीनामा फेकून मोकळा झाला असतास आणि असुंता उपाशी मेली असती, असं मी मनाला सांगत आलो.

पण एक वाट ठेवली होती मी. तोंडी मतात माणूस उघडा पडतो, पण कायद्याचं शेवटचं मत गुप्त असतं. प्रत्येकाला होकाराची एक पांढरी आणि नकाराची एक काळी गोटी देतात. पहिल्या कलशात टाकाल ती तुमचं मत, उरलेली दुसऱ्यात. तोंडाने "हो" म्हणायचं आणि पहिल्या कलशात काळी सोडायची, अशी मी दोन वर्षं काढली. घरी येऊन पोटभर जेवायचो. हसतोस ना? हस. तेवढाच मर्दपणा उरला होता माझ्यात.

मंगळवारी मिठाचा कर वाढवायचा कायदा मताला आला. आपल्या धनगरांना चीज मुरवायला मीठ किती लागतं ते मी तुला काय सांगू! उजव्या मुठीत काळी, डाव्या मुठीत पांढरी घेऊन मी रांगेत चढलो. पायरीवर त्रिंकिएरी मत टाकून उतरत होता. त्याने हात पुढे केला. न मिळवून कसं चालेल? काळी मी डाव्या हातात सरकवली आणि त्याचा हात हातात घेतला. मग दोन्ही गोट्या एकाच मुठीत, आणि वर सगळ्या गॅलरीची नजर. मूठ उघडून पाहायची हिंमत झाली नाही रे. अंगठ्याला लागली ती सोडली. दुसऱ्या कलशावर बोटं उघडली तेव्हा त्यांतून काळी पडली.

कायदा मंजूर. एकशे एक्कावन्न विरुद्ध एकशे पन्नास. ते एक मत माझं होतं, कानिओ. खरंच चुकलो की हातालाच सवय झाली होती, हे मला अजून सांगता येत नाही.

हे सगळं आज लिहायचं कारण आता सांगतो. काल त्रिंकिएरीने तुझा हुकूम मला पुन्हा दाखवला, सही झालेला. सोमवारी तुझ्या हातात पडेल. मी फक्त पाय धरायचे बाकी ठेवले. "मी शब्द पाळला, तुम्ही का नाही?" म्हणून ओरडलो. तो शांतपणे म्हणाला, "प्रिफेक्टसाहेब कधीचे मागे लागलेत. आणि खरं सांगू, सन्माननीय? आता तुमचं मत मिळवायला कागद दाखवायची गरज उरलेली नाही." हे ऐकून मी काय केलं असेल? निरोपादाखल त्याने टोपी उचलली, मीही उचलली. म्हणून हे पत्र, सहीनिशी, नावागावासकट. तुझ्या मेहुण्याच्या छापखान्यात दे, रविवारच्या आत सगळं छाप, मिठाचंही. बदली थांबेल की नाही माहीत नाही, निदान दोषी कोण ते धनगरांना कळेल. आणि शनिवारी माझी तार येईल, पत्र परत पाठव, छापू नकोस, मी दुसरा मार्ग काढतो, अशी. ती येणारच, मी मला ओळखतो. त्या तारेतल्या माणसाचं ऐकू नकोस.

आजच्या दिवसापुरता तरी तुझाच,
जेरार्दो लाव्हिएरी