गाळातल्या रोहूचे डोके

गुरुवार, संध्याकाळ. कोहका.

अहवाल माझाच. जलाशयातून उपसलेला गाळ जिथे साठवतात, त्या उतई गावाजवळच्या तळ्यातील रोहू खाण्यास निर्दोष आहे, असे मी तीनदा तपासून लिहिले. आज पहिली मासळी निघाली. ती पाळणाऱ्या मनोहरभाऊंनी गिऱ्हाइकांसमोर माझ्या ताटात रोहूचे डोके वाढले. तो मान पाहुण्याचा.

"मॅडम, तुमी खाल्लं म्हंजे लोकं बी घेतीन."

त्या काळ्या गाळाचा वास आठवला आणि मी म्हणाले, माझा उपास आहे. उपास? मी आयुष्यात कधी केला आहे? इतरांच्या अहवालातील स्वल्पविरामही न सोडणारी मी.

गिऱ्हाइके पिशव्या घडी करून उठू लागली.

"अरे, मॅडमचा उपास हाये, बाकी काई नाई," असे म्हणत मनोहरभाऊंनी ते डोके स्वतःच्या ताटात घेतले आणि सर्वांदेखत खाल्ले.

"खरंच का, मॅडम?" एका म्हाताऱ्याने विचारले.

मी होकार दिला. मनोहरभाऊंच्या वाक्यातला उपास खोटा होता, आणि 'बाकी काई नाई' हेही.

एकही मासा विकला गेला नाही. निघताना मनोहरभाऊंच्या पत्नीने उपासासाठी केळी बांधून दिली, आणि मी ती घेतलीही.