बाळ्याला घरी जेवायला लावण्याची योजना

३ नोव्हेंबर, सोमवार. संध्याकाळ.

आज सकाळी चहा पिता पिता बाळ्या म्हणाला, दादा, मी डेपोजवळ एक खोली बघतोय. महिनाअखेरीला मिळेल बहुतेक. जाण्यायेण्यात फार वेळ जातो.

मी म्हणालो, बघ की. मग ओट्यावर चहा सांडला होता तो पुसला.

दिवसभर दुकानात गिऱ्हाइकांच्या नाकावर चष्मे चढवताना विचार केला. जाण्यायेण्याचं कारण खोटं आहे. तो कुरिअरच्या त्याच डेपोत कधीपासून जातोय. आजवर डेपो लांब नव्हता आणि आता एकदम लांब झाला? खरं कारण माझ्या लक्षात आलं आहे. जेवण. आई गेल्यापासून स्वयंपाक माझ्याकडे आहे आणि गेली काही वर्षं मी डाळ, भात, बटाटा यांच्यापुढे सरकलेलो नाही. बाळ्या सहा फुटी गडी, दिवसभर खोकी उचलतो. असा माणूस बटाट्यावर किती दिवस तग धरणार?

निश्चय: उद्यापासून रोज चिकन किंवा मटण. सोपं, झटपट, घरगुती. खोलीचं खूळ आठवड्याभरात उतरेल.

तो गेला तरी मला काही फरक पडत नाही, हे इथे लिहून ठेवतो. उलट सकाळी बाथरूम मोकळं मिळेल.

४ नोव्हेंबर, मंगळवार.

दुकानात काउंटरवर बसणाऱ्या बाईंना एखादा सोपा पदार्थ विचारला. त्या म्हणाल्या, खिमा करा, त्यात बिघडण्यासारखं काही नसतं. कांदा परतायचा, खिमा टाकायचा, मीठ-मसाला घालून झाकण ठेवायचं आणि वाट बघायची.

वाट बघितली. आधी पाणी फार सुटलं. मग पेपर चाळेपर्यंत सगळंच आटलं. बुडाला लागलेला भाग खरवडून वर घेतला. तो कुरकुरीत लागतो, मोठ्या हॉटेलांत मुद्दाम करतात म्हणे.

बाळ्याचा फोन आला. उशीर होईल, तू जेवून घे, माझ्यासाठी थांबू नकोस. किती काळजी करतो माझी. थांबलो अर्थातच.

आल्यावर दोन घास खाल्ले आणि म्हणाला, थोडं खाऊन आलोय. थोडं म्हणाला. म्हणजे पोटात जागा होती. सुरुवात चांगली झाली आहे.

५ नोव्हेंबर, बुधवार.

पाय भरून आले. दिवसभर उभं राहून लोकांना एकच विचारायचं, आता स्पष्ट दिसतंय का? आणि त्यांनी दरवेळी विचारात पडायचं.

आजचं चिकन रद्द. अंडी उकडली. अंडं म्हणजे एका अर्थी कोंबडीच. योजनेत खंड पडलेला नाही.

७ नोव्हेंबर, शुक्रवार.

काल एका व्हिडिओमधली मुलगी म्हणाली, चिकन रात्री दह्यात मुरवून ठेवा, सकाळी तव्यावर टाका, डब्याचं टेन्शन संपलं. मुरवलं. सकाळी फ्रिज उघडला तर आइस्क्रीमच्या दुकानासारखा वास. दह्याच्या डब्यावर कोपऱ्यात बारीक अक्षरात व्हॅनिला लिहिलेलं निघालं. दोष छापणाऱ्यांचा आणि दुकानातल्या मंद दिव्यांचा. मला वाचायचा चष्मा लागलेला नाही. माझी नजर मी स्वतः तपासलेली आहे.

तसंच भाजून बाळ्याच्या डब्यात दिलं. संध्याकाळी डबा रिकामा, वर घासून आणलेला. सक्सेस. कसं होतं विचारलं तर म्हणाला, वेगळं होतं. इतक्या वर्षांत त्याने माझ्या स्वयंपाकाला वेगळं म्हटल्याचं आठवत नाही.

९ नोव्हेंबर, रविवार. दुपारी.

आज मटण. खाटकाने विचारलं, कशासाठी देऊ? म्हटलं, भावासाठी. तो माझ्याकडे बघत राहिला. रश्श्याला हवं की सुक्याला, असं त्याला म्हणायचं होतं.

काउंटरवरच्या बाईंच्या सांगण्याप्रमाणे पाच शिट्ट्या काढायच्या होत्या. मन लावून मोजल्या, गॅस बंद केला. झाकण उघडलं तर मटण जसं आत गेलं तसंच बाहेर आलं, फक्त पाणी नाहीसं झालेलं. चौकशी केल्यावर कळलं, भिंतीपलीकडच्या नर्सबाईंनी त्याच वेळी हरभरे लावले होते. शिट्ट्या त्यांच्या होत्या. आमच्या कुकरची रिंग सिंकमध्ये पडली होती. झाकणातून चहूबाजूंनी वाफ येत होती हे खरं, पण मला वाटलं कुकर जोरात आहे.

बाळ्या स्वयंपाकघरात आला आणि म्हणाला, सरक दादा, मी बघतो. मी त्याला हाताला धरून बाहेर नेलं. गरम कुकर, वाफ, भलतंच काही व्हायचं. लहानपणी त्याने एकदा तापलेल्या तव्यावर पंजा टेकवला होता, तेव्हापासून मी त्याला गॅसजवळ येऊ दिलेलं नाही. त्याच्या अंगावर पुन्हा एकही फोड आला नाही. माझ्या लग्नाचं राहून गेलं, बढतीचं राहून गेलं, पण हे एक काम मी चोख केलं.

तीन वाजता जेवलो. मटण चावून माझी दाढ ठणकते आहे. मध्येच बाळ्या म्हणाला, खोलीमालक हो म्हणालाय. मी म्हटलं, रस्सा घे अजून.

१२ नोव्हेंबर, बुधवार.

खिम्याचे गोळे करून रश्श्यात सोडायचे होते. सोडले. सुटले. खाली खिमा झाला. एकूण काय, खिमा मला जमतो.

बाळ्याचा फोन: तू जेवून घे.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार.

फ्रिजमध्ये उरलेल्याचे पाच डबे झालेत. कुठल्यात काय आहे ते उघडल्याशिवाय कळत नाही, आणि उघडल्यावरही खात्री नसते. लेबलं लावायला हवीत. उद्या.

या आठवड्यात बाळ्या एकदाही वेळेवर आला नाही. डेपोत काम वाढलंय असं तो म्हणत नाही, पण वाढलं असणार. अशा वेळी माणसाला घरचं अन्न लागतं. मीही थकलो आहे, पण माघार नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार.

आज दुकानात बाळ्याच्या डेपोतला एक ड्रायव्हर आला होता. माझ्या बिल्ल्यावरचं आडनाव वाचून म्हणाला, अहो, म्हणजे तुम्ही त्याचे दादा? काय खिमा करतो हो तुमचा भाऊ. दर शनिवारी मागच्या खोलीत शेगडीवर करतो, आम्ही सगळे ताटल्या घेऊन उभे असतो.

मी शांतपणे सांगितलं, तुमची काहीतरी गल्लत होते आहे. आमच्या बाळ्याला गॅस पेटवता येत नाही. ड्रायव्हर म्हणाला, येत नाही कसा, माझ्या डोळ्यांदेखत करतो. डोळे तपासले तर नंबर उणे सात. एवढ्या नंबरला माणसं ओळखण्यात चूक होणारच. त्याला चांगली जाड काच दिली आहे, आता फरक पडेल.

बाळ्याला हे सांगितलं नाही. दुसऱ्याच्या खिम्याची स्तुती ऐकून त्याला उगीच ओशाळं वाटायचं.

२० नोव्हेंबर, गुरुवार. सात वाजून गेले.

चिकन फ्रीजरमधून काढायचं विसरलो. संध्याकाळी काढलं तर दगड. पाण्यात ठेवलं, पंख्याखाली ठेवलं, शेवटी तसंच पातेल्यात टाकलं. बाहेरून शिजलं आणि आतून गार. पुन्हा टाकलं. आता त्याचे धागे झाले आहेत. धागे पावात भरून खाल्ले तर वाईट नाहीत. दोन पाव मी खाल्ले, दोन बाळ्यासाठी झाकून ठेवले.

हे सगळं कशासाठी, असं आज ओट्याशी उभं राहून वाटलं. चिडचिड झाली. कांदा चिरला की हाताला वास राहतो आणि दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक चष्मा घालून घेताना मान मागे नेतं. पण बाळ्या घरात नसला की मी रेडिओ मोठा लावून ठेवतो, आणि रोज तेवढा मोठा रेडिओ ऐकायचा म्हणजे कान दुखतात. तेव्हा योजना चालू.

२३ नोव्हेंबर, रविवार.

बाळ्याने कपाट उपसलं. शर्टांच्या घड्या घालत होता. मी दारात उभं राहून सरळ विचारलं, तुला माझं जेवण आवडत नाही का?

तो म्हणाला, जेवणाचं काही नाही रे दादा.

मग कशाचं आहे?

तो बराच वेळ एकाच शर्टाची घडी घालत राहिला. मग म्हणाला, मला एकदा माझं माझं राहून बघायचंय. छत्तीस वर्षांचा झालो मी. घरी आलो की तू पाण्याचा ग्लास घेऊन दारातच उभा असतोस. मला तहान लागलीय का हेसुद्धा मला ठरवता येत नाही.

मी त्याला शांतपणे समजावलं की एकटी राहणारी माणसं वेळी-अवेळी वाटेल ते खातात आणि पोट बिघडवून घेतात. त्याने ऐकून घेतलं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि पुन्हा घड्या घालायला लागला.

नंतर विचार केला. चिकन झालं, मटण झालं, खिमा झाला, पण मासे राहूनच गेले. कदाचित त्याला मासे हवे असतील आणि संकोचाने बोलत नसेल. एक आठवडा हातात आहे.

२६ नोव्हेंबर, बुधवार.

मासे आणले. तळताना तव्याला चिकटले. कातडी तव्यावर राहिली आणि बाकीचा मासा उचटण्यावर आला. काट्यांसकट सगळं एकत्र करून रस्सा केला. बाळ्या वेळेवर घरी आला, बसला आणि सगळं खाल्लं. मग म्हणाला, रविवारी सकाळी टेम्पो येतोय.

रविवारपर्यंत बरंच काही होऊ शकतं.

३० नोव्हेंबर, रविवार.

टेम्पो वेळेवर आला. सामान फार नव्हतं. एक गादी, दोन बॅगा, घडीची खुर्ची. मी खिम्याचे सहा डबे भरून दिले. त्याने दोन घेतले आणि चार परत माझ्या हातात ठेवले, म्हणाला, तुला होतील.

टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. बाळ्या वाकून पाया पडला. मी म्हणालो, गॅस बंद केलास की नाही ते रोज दोनदा बघत जा.

आज बाथरूम मोकळं होतं. लवकर आवरून झालं. मग बसून राहिलो.

३ डिसेंबर, बुधवार.

दुकानातून येताना हात आपोआप अर्धा किलो चिकनकडे गेला. खाटकाने आज काहीच विचारलं नाही. घरी येऊन ते फ्रीजरमध्ये ठेवलं आणि ब्रेड खाल्ला.

बाळ्याला फोन केला नाही. तो करेल. अन्नावाचून राहिलं की माणसाला कळतंच. अजून चार-पाच दिवस, मग बॅगांसकट हजर होईल. त्याची खाट झटकून ठेवली आहे.

५ डिसेंबर, शुक्रवार.

बाळ्याचा फोन. रविवारी दुपारी ये म्हणाला, पत्ता दिला. जेवायला ये म्हणाला.

मी काय समजायचं ते समजलो. अडचणीत आहे आणि तोंडाने सांगवत नाही. जाताना चिकन करून डबा नेतो. परतताना त्याची एक बॅग मी उचलीन, एक तो उचलेल.

७ डिसेंबर, रविवार. संध्याकाळ.

जाऊन आलो.

खोली लहान आहे. खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसते. एका टेबलावर एकच शेगडी. बाळ्या बारीक झालेला नव्हता, हे मी दारातच पाहिलं. मी आणलेला डबा त्याने घेतला, बरं झालं आणलास म्हणाला, आणि बाजूला ठेवला.

मग त्याने चिकन करायला घेतलं. मी उठलो तर म्हणाला, दादा, तू बस. दुसऱ्यांदा उठलो तरी तेच म्हणाला. तिसऱ्यांदा मी उठलो नाही. त्याने कांदा चिरला, इतका बारीक मला कधी जमलेला नाही. लसूण ठेचला. टोमॅटो, मिरपूड, चिकन, सगळं एकाच पातेल्यात. घड्याळाकडे बघितलं नाही. मधूनमधून झाकण उचलून वास घेत होता आणि माझ्याशी डेपोतल्या गमती बोलत होता. भांडं खाली लागलं नाही. ज्योत कधी बारीक केली तेसुद्धा मला कळलं नाही.

मी विचारलं, कधी शिकलास हे?

तो म्हणाला, झाली बरीच वर्षं. तू दुकानात असलास की घरी करून बघायचो. मग भांडी घासून जागच्या जागी ठेवायचो. तुला वाईट वाटलं असतं ना, म्हणून बोललो नाही.

त्याच ओट्याशी, त्याच पातेल्यात, माझ्या पाठीमागे हा इतकी वर्षं स्वयंपाक करत होता आणि मी घरी येऊन त्याला गॅसपासून लांब बस म्हणत होतो.

त्याने मला खुर्ची दिली आणि स्वतः गादीवर बसला. माझं ताट आधी वाढलं. आईनंतर मला कुणी ताट वाढून दिलेलं नाही, हे हात धुऊन बसेपर्यंत माझ्या ध्यानातही नव्हतं. दुकानातून आलो की उभ्याउभ्याच वाढून घेतो मी. चिकन मऊ होतं, हाडापासून आपोआप सुटत होतं. मी दोनदा घेतलं. तिसऱ्यांदा त्याने न विचारता वाढलं आणि मी नको म्हणालो नाही. बॅगांचा विषय काढला नाही. पाय इतके जड झाले होते की तिथून उठूच नये असं वाटत होतं.

निघताना काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, मीठ जरा जास्त झालंय. तो म्हणाला, बरं, पुढच्या रविवारी कमी घालतो.

मीठ बरोबर होतं.