खोलरावांचा शोध

३ मार्च, रविवार

नवी वही. कोणालाही दाखवायची नाही. संकल्प तीन. रोज लिहायचं. दाढीचा मत्सर करायचा नाही. आणि या वर्षी क्लबच्या वार्षिक कार्यक्रमात मुख्य भाषण माझंच झालं पाहिजे.

आमच्या क्लबाचा विषय एकच. गाजलेलं गाणं दुसऱ्याच कुणीतरी दुसऱ्याच थाटात गायलेलं असतं, ती रेकॉर्डिंग्ज, म्हणजे कव्हर व्हर्जन्स, शोधून काढायची. पुलावरचं गाणं घ्या. जगाला ते त्या मुलीच्या आवाजात माहीत आहे. माझ्याकडे, मागच्या खोलीतल्या कॅसेट्सवर, ते जॅझमध्ये आहे, मिलिटरी बँडवर आहे, मेटलमध्ये आहे (गायक किंचाळतो, पण सुरात) आणि एक चक्क करवतीवर वाजवलेलं आहे. करवत खरी, सुताराची. इतकं असून मुख्य भाषण दरवर्षी दाढीचं. दाढी म्हणजे क्लबातला तो दाढीवाला. गेल्या वर्षी त्याने एका अंगाईचं रेगेमधलं रूप आणलं आणि लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. मी बसून वाजवल्या.

५ मार्च, मंगळवार

दाढीकडे रेकॉर्ड प्लेअर आहे, म्हणून मी इतकी वर्षं घेतला नव्हता. आज घेतला. जुन्या सामानाच्या दुकानात पाइप फुटून सगळं भिजलंय, म्हणून दुकानदार सगळं मोडीत काढतोय. प्लेअरबरोबर छोट्या रेकॉर्ड्सचं एक खोकं मिळालं. पाण्याने लेबलं पार धुऊन गेलीत. कोणाचं काय, काही कळत नाही. म्हणजे संशोधकाला मोकळं रान.

दुकानदार निघताना खटक्याबद्दल काहीतरी सांगत होता. छोट्या रेकॉर्डला खटका वर, मोठ्या रेकॉर्डला खाली, असं काहीसं. मी मान डोलावली. वजनमापे खात्यात माझी हयात गेली. दुकानदार बोलायला लागला की माझे कान आपोआप बंद होतात.

९ मार्च, शनिवार, सकाळी

चहा गार होतोय. तरी लिहितो.

खोक्यातली पहिलीच रेकॉर्ड लावली. पुलावरचं गाणं. पण ती मुलगी नाही! एक पुरुष. आवाज विहिरीच्या तळातून यावा तसा. चाल तीच, शब्द तेच, पण किती संथ. मूळ गाण्यात ती पुलावर वाट बघता बघता नाचते. हा वाट बघून बघून थकलाय. आता कोणी आलं तरी याला उठून उभं राहवणार नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

ही स्वयंपाकघरातून ओल्या हातांनी आली, दारात उभी राहून ऐकलं आणि म्हणाली की तो खटका खाली राहिला असेल, बघा. मी म्हटलं की खटका हा माझा आणि प्लेअरचा प्रश्न आहे. ती गेली. गाढवापुढे वाचली गीता.

१० मार्च, रविवार

आणखी रेकॉर्ड्स ऐकल्या. अंगाई लावली, तोच आवाज. प्रेमगीत लावलं, तोच. संचलनाचं गाणं लावलं, त्यातही तोच, आणि सैनिक इतके रेंगाळत चाललेत की युद्ध संपल्यावर पोचतील.

एकच माणूस! याने सगळ्यांची गाणी घेतली, सगळे थाट हाताळले आणि कुठेही नाव मागे ठेवलं नाही. वादकसुद्धा त्याच्या दुःखात सामील आहेत. ढोलकीवाल्याला तर मध्येच डुलकी लागत असावी. असा कलावंत जगाला ठाऊक नाही, दाढीला ठाऊक नाही. मला ठाऊक आहे. तूर्त त्यांचं नाव मी खोलराव ठेवलंय.

१६ मार्च, शनिवार

सकाळी एका किराणा दुकानाची तपासणी. काटा शून्याच्या खालून सुरू होत होता आणि मालक खुशाल माल मोजत होता. त्याला सगळ्या गिऱ्हाइकांसमोर सुनावलं की बाबा रे, माल नंतर, आधी काटा शून्यावर आहे का ते बघ. त्याने मुकाट्याने ऐकून घेतलं. लोक यंत्रावर आंधळा विश्वास टाकतात, दुसरं काय.

घरी येऊन दोन नवे शोध. एका रेकॉर्डवर खोलराव परकी भाषा शिकवतात. 'टेबल' म्हणतात आणि पुढचा शब्द येईपर्यंत आपला चहा पिऊन होतो. इतका सोशिक शिक्षक आता मिळणार नाही. दुसऱ्या रेकॉर्डवर खोलराव नाहीत, पण दहाबारा थोराड पुरुष एकत्र येऊन आपली बाहुली हरवल्याबद्दल गातात. शेवटी ती सापडते, तर सगळे घोगऱ्या आवाजात हसतात. हसणं बराच वेळ चालतं. असं धाडस संगीताच्या इतिहासात कोणी केलं नसेल. बहुधा खोलरावांचे शिष्य.

सासूबाई पलीकडे बसून ऐकत होत्या. त्यांनी विचारलं की या माणसाला बरं नाही का.

२० मार्च, बुधवार

हिच्याशी मागच्या खोलीवरून पुन्हा वाद. ही फिजिओथेरपिस्ट आहे. म्हाताऱ्या माणसांचा गुडघ्यांच्या व्यायामाचा वर्ग घेते, आणि तो घेते खाली पार्किंगमध्ये. कोणाची गाडी आली की सगळ्यांनी खुर्च्या उचलून भिंतीला लागायचं, गाडी गेली की परत यायचं. ती म्हणते, तुमच्या कॅसेट्सना खोली आणि माझ्या माणसांना पेट्रोलचा वास. मी म्हटलं की मागची खोली आता साधी खोली राहिलेली नाही, ते खोलराव संशोधन केंद्र आहे. ती म्हणाली की खोलराव नावाचा कोणी माणूसच नाही.

झालं. पैज लागली. क्लबने खोलरावांना मान्य केलं तर मागची खोली कायमची माझी, हिने पुन्हा तो विषय काढायचा नाही. नाहीतर खोली गुडघ्यांची. हिने क्षणभरही विचार केला नाही. लगेच हात पुढे केला. साक्षीदार सासूबाई. हातच्या काकणाला आरसा कशाला, खोली माझीच आहे.

२४ मार्च, रविवार

क्लबचे अध्यक्ष घरी येऊन ऐकून गेले. पुलावरचं गाणं सुरू झालं आणि त्यांनी चष्मा काढला. पुसला. घातला. पुन्हा काढला. म्हणाले की बायको गेल्यानंतर हे गाणं त्यांना ऐकवत नव्हतं, कारण लोक त्यावर नाचतात. आज पहिल्यांदा शेवटपर्यंत ऐकलं. 

मुख्य भाषण माझं! दाढीकडे आभारप्रदर्शन.

अध्यक्षांना जिन्यापर्यंत पोचवून आलो तर ही खिडकीशी उभी होती. अध्यक्ष दिसेनासे होईपर्यंत खाली बघत राहिली. हरण्याची तयारी करत असावी.

३१ मार्च, रविवार

भाषण तयार. 'एका खोल आवाजाचे सर्व संगीतप्रकारांतून संथ भ्रमण'. पहिला भाग खोलरावांच्या चरित्रावर. लहानपणी अंगाई ऐकायला मिळाली नाही. तरुणपणी सैन्यात, पण चालणं हळू म्हणून घरी पाठवलं. मग शिक्षकी. एकदाच प्रेम, तेही पुलावर. हे सगळं रेकॉर्ड्सवरून काढलेलं आहे, पदरचं एक अक्षर नाही. गेल्या आठवड्यात ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्या बाईंना वाचून दाखवलं. त्यांनी दोनदा घड्याळ पाहिलं. हेवा. दुसरं काही नाही.

५ एप्रिल, शुक्रवार

उद्या कार्यक्रम. प्लेअर चादरीत गुंडाळून ठेवलाय. जेवण झाल्यावर ही समोर येऊन बसली. म्हणाली, "अहो, पैज राहू द्या. खोली ठेवा तुम्ही. फक्त जायच्या आधी एकदा तो खटका वर करून बघा. माझ्यासाठी."

शत्रू घाबरला की तह करायला येतो. मी म्हटलं की पैज म्हणजे पैज. ती उठली आणि माझ्या शर्टाला इस्त्री करायला लागली. खरं सांगायचं तर त्या वेळी मन जरा चलबिचल झालं होतं. खटक्याजवळ गेलोही होतो. पण तिच्या देखत वर करायचा म्हणजे तिचंच खरं केल्यासारखं. नाही केला.

६ एप्रिल, शनिवार

हॉल भरलेला. चरित्र चांगलं झालं. सैन्याच्या भागाला दोघं हसले, त्यांच्याकडे मी रोखून पाहिलं. मग पुलावरचं गाणं लावलं. सगळे गप्प. खरंच गप्प. अध्यक्षांनी डोळे मिटले. माझ्या आयुष्यातली ती दोन-तीन मिनिटं कोणी काढून घेऊ शकत नाही, हे इथे लिहून ठेवतो.

गाणं संपलं. दाढी आभार मानायला वर आला. आधी प्लेअरकडे वाकून बघितलं. मग माझ्या कानाशी येऊन हळूच विचारलं की मी एक गोष्ट करून बघू का. मी माइकवरून म्हटलं, अवश्य. त्याने खटका वर केला आणि सुई पुन्हा सुरुवातीला ठेवली.

ती मुलगी गायला लागली. तीच. जगाला माहीत असलेली. तुरुतुरु.

आधी कोणीतरी मागच्या रांगेत खुदकन हसलं. मग पुढची रांग उठून नाचायला लागली. मग सगळा हॉल. अध्यक्षसुद्धा, ते मघाशी डोळे मिटणारे. लोकांनी बाकीच्या रेकॉर्ड्सही लावायला लावल्या. बाहुलीवाले माझे थोराड पुरुष म्हणजे पहिली-दुसरीतली पोरं निघाली. खोलराव तर एका रेकॉर्डवर एक आणि दुसऱ्यावर दुसरेच निघाले, बहुतेक बायका. क्लबचा इतका रंगलेला कार्यक्रम याआधी झाला नाही असं तीन जणांनी मला सांगितलं.

दाढी हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं.

ही शेवटपर्यंत खुर्चीवर बसून होती, माझी बॅग मांडीवर घेऊन. तिला नाचायला कोणीतरी बोलावलं तर नको म्हणाली. रिक्षात मी म्हटलं की तू तर जिंकलीस. ती म्हणाली की प्लेअर नीट धरा, दचके बसताहेत.

७ एप्रिल, रविवार

मी हरलेलो नाही. शांतपणे मुद्दे.

गाणं तेच. थाट वेगळा. ऐकणाऱ्याच्या मनावर परिणाम वेगळा. मग याला कव्हर व्हर्जन म्हणायचं नाही तर काय म्हणायचं? गाणाऱ्या बाईंना विचारलं नव्हतं, एवढंच. करवतवाल्याने तरी कोणाला विचारलं होतं? अध्यक्षांनी चष्मा काढला तो काय खटक्यासाठी? दाढीने दुसऱ्यांनी गायलेलं शोधलं. मी जे कोणीच गायलेलं नाही ते शोधलं. मोठा कोण?

हे सगळं क्लबला सविस्तर लिहून पाठवलं. फोनवरून उत्तर आलं की पुढच्या वर्षी विनोदी कार्यक्रम माझ्याकडे द्यायचा विचार आहे.

दुपारी खोली रिकामी केली. कॅसेट्स पलंगाखाली गेल्या. हिने स्वतः मदत केली आणि करवतीच्या गाण्याची कॅसेट वेगळ्या पिशवीत ठेवली, चुकून दबेल म्हणून. किराणावाल्याला सुनावलेलं ते वाक्य सारखं आठवत होतं. या वहीतलं ते पान फाडणार होतो. नाही फाडलं. वाक्य बरोबरच आहे.

१४ एप्रिल, रविवार, सकाळी

मागच्या खोलीत वर्ग सुरू झाला. प्लेअर तिथेच राहिलाय, कारण पलंगाखाली मावत नाही. मी बाहेर पेपर वाचत होतो, म्हणजे पेपर समोर धरला होता. हिने व्यायामासाठी पुलावरचं गाणं लावलं. खटका वर. ती मुलगी सुटली आणि दोन ओळींत खोलीत कण्हणं सुरू झालं. गुडघे बिचारे तिच्या मागे कुठवर धावणार? एक आजोबा तर बसलेच.

गाणं थांबलं. मग हिने दारातून हाक मारली, "अहो, तुमचे खोलराव लावून द्या जरा."

गेलो. खटका खाली केला. ते गायला लागले आणि सगळी माणसं हळूहळू वाकली, हळूहळू उठली. त्या बसलेल्या आजोबांनीही खुर्चीतून पाय उचलला. कोणी कण्हलं नाही. गाडी आली नाही, खुर्च्या उचलाव्या लागल्या नाहीत. मला फार बरं वाटलं, हे लिहायला हरकत नाही.

संपल्यावर मी घसा साफ केला. म्हटलं, या आवाजाविषयी थोडी पार्श्वभूमी. ही म्हणाली की भाषण नको, फक्त खटका. वर्ग चालू असताना मध्ये बोलायचं नाही. ठरलं. दर रविवारी खटका माझ्याकडे.

मग सासूबाई पुढच्या खुर्चीतून म्हणाल्या, "जावईबापू, याहून थोडं हळू असेल तर बघा."

या वेळी आधी वाकून खटका नीट पाहिला. सगळ्यात खाली वेगाचा आणखी एक आकडा आहे, सोळा. तिथे कधी हात गेलाच नव्हता. लावलं. भिंतीतून, जमिनीतून, कुठूनसा आवाज यायला लागला. शब्द कळेनात. पण काय भारदस्तपणा.

हे खोलरावांचे वडील असावेत. बोललो नाही. मध्ये बोलायचं नाही असं ठरलंय.