नवख्यांचं टेबल

मुलुंड (पूर्व)
१७ फेब्रुवारी २०२५

प्रिय क्षमा,

अनेक आशीर्वाद.

पाकीट बघून दचकली असशील. सगळं ठीक आहे, कुणाला काही झालेलं नाही. तुझ्या वहिनीची साखर आटोक्यात आहे. बिल्डिंगच्या रिडेव्हलपमेंटची मीटिंग नेहमीसारखी भांडणात संपली. मी निवृत्त झाल्यापासून स्वयंपाकघरात लुडबुड करतो म्हणून रोज बोलणी खातो. राजेशरावांच्या गुडघ्याचं काय ठरलं? ऑपरेशन करायचं असेल तर तारीख कळव, मी बोरिवलीला येऊन राहीन.

हे सगळं फोनवर विचारता आलं असतं. पण जे लिहायला बसलोय ते फोनवर येत नाही. या महिन्यात तीनदा त्यासाठीच तुला फोन केला आणि तिन्ही वेळा तुमच्याकडे पाणी किती वाजता येतं हे विचारून ठेवून दिला. तुलाही नवल वाटलं असेल, दादाला आमच्या पाण्याची एवढी काळजी कधीपासून.

तर आधी दुसरंच सांगतो. एका बाईंबद्दल.

लिनक्स आठवतं ना? विंडोजच्या ऐवजी संगणकावर घालायची, लोकांनी मिळून बनवलेली, कुणालाही मोफत मिळणारी प्रणाली. मीच तुला त्याची सीडी आणून दिली होती. आमचा मुंबईतल्या लिनक्सवाल्यांचा एक ग्रुप होता, मी त्यात जुनाजाणता. मग नोकरीच्या धबडग्यात मी गळलो. डिसेंबरात तुझ्या वहिनीने मला अक्षरशः घराबाहेर काढलं, "जा, तुझी ती माणसं शोध," म्हणाली. शोधली. दर महिन्याच्या तिसऱ्या रविवारी सकाळी ते मरोळ गावठाणात भेटतात, चर्चच्या मागच्या हॉलमध्ये. जुन्यांपैकी एकही ओळखीचा चेहरा नाही. आता तो ग्रुप चालतो तो एमिलिया मिरांडा नावाच्या बाईंमुळे.

पंचावन्नच्या असतील. मरोळच्याच, ईस्ट इंडियन म्हणजे मूळच्या मुंबईकर ख्रिस्ती, घरात पिढ्यान् पिढ्या मराठी. एका शाळेच्या ऑफिसात क्लार्क आहेत. बाकीचे लोक हॉलभर आपापले लॅपटॉप घेऊन पसरतात, आणि या दाराजवळ एक टेबल मांडतात. पहिल्यांदा येणाऱ्यांचं टेबल. मी दोन महिने त्या टेबलाशी बसलो आणि क्षमा, मी चाळीस वर्षांत जे शिकलो नाही ते तिथे पाहिलं.

माणूस आला की त्या आधी त्याचं नाव विचारतात, चहा देतात. मशीन उघडायच्या आधी पहिला प्रश्न, "यात फोटो आहेत का कुणाचे?" असले तर आधी ते दुसरीकडे उतरवून ठेवायचे, मगच पुढचं. त्या स्वतः समोरच्याच्या कीबोर्डला हात लावत नाहीत. हात पाठीमागे धरून उभ्या राहतात, शाळेत बाई उभ्या राहायच्या तशा, आणि तोंडाने सांगतात. त्याला वेळ लागतो. लागू दे. मधेच मला राहवलं नाही म्हणून मी एकाचा माऊस धरला तर त्यांनी माझ्या मनगटावर पेन टेकवलं. "देवदत्त, मशीन त्यांचं आहे ना?"

आणि त्यांच्या टेबलावर एका शब्दाला बंदी आहे. 'सोपं'. मी म्हटलं, "अहो, धीर द्यायला म्हणतो आपण, सोपं आहे म्हणून." तर म्हणाल्या, "सोपं आहे म्हटलं की ज्याला येत नाही तो गप्प बसतो. मग तो पुढच्या वेळी येत नाही."

दोन दिवसांनी त्या प्रत्येकाला फोन करतात. "चाललंय ना? अडलं तर मंगळवारी संध्याकाळी घरी असते मी." डिसेंबरात आलेला माणूस जानेवारीत आला की त्याला जानेवारीच्या नवख्याशेजारी बसवतात. मी विचारलं, त्याला स्वतःलाच कुठे काय येतं? त्या म्हणाल्या, "कुठे अडतं ते त्याला आठवतं. तुम्हाला आठवतं का?"

नव्हतं आठवत.

जानेवारीत दशरथ नावाचे एक गृहस्थ आले. साकीनाक्याला त्यांचं लेथचं छोटं वर्कशॉप आहे. गिऱ्हाइकं पार्टची ड्रॉइंग मेलवर पाठवतात आणि मुलीचा जुना लॅपटॉप ती उघडायलाच अर्धा तास लावायचा, म्हणून कुणीतरी त्यावर लिनक्स घालून दिलं होतं. पिशवीतून लॅपटॉप काढला आणि त्यासोबत एक कोराकरकरीत कीबोर्ड. म्हणाले, "मॅडम, पासवर्ड मागतो, पण टाइप केलं की काहीच उमटत नाही. कीबोर्ड गेला असेल म्हणून नवीन आणला, तरी तेच."

मी हसलो. मोठ्याने. कारण लिनक्सला आज्ञा टाइप करून द्यायची जी काळी खिडकी असते, तिच्यात पासवर्ड टाकताना काही उमटत नाही, ते मुद्दामच तसं ठेवलेलं असतं, हे मला तीस वर्षं माहीत आहे.

दशरथ एकदम ताठ झाले. लॅपटॉपचं झाकण लावलं, वायर गुंडाळायला लागले. "राहू द्या. मुलीला विचारतो."

एमिलियाबाईंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांच्या शेजारची खुर्ची ओढून बसल्या. "दशरथभाऊ, तुम्ही नवीन तरी आणलात. मी तर कीबोर्ड उलटा धरून झटकला होता. त्यातून बिस्किटाचा एवढा चुरा पडला, पासवर्ड काही दिसला नाही." ते थांबले. "अहो, मागून कुणी बघू नये म्हणून तो दाखवत नाही. तुम्ही टाका. त्याला कळतंय."

त्यांनी जाड बोटांनी एकेक अक्षर दाबलं, एंटर मारलं, आणि आत गेले. त्या माणसाचा चेहरा तू बघायला हवा होतास.

हॉल रिकामा झाल्यावर मी बाईंना म्हटलं, माझं चुकलं, हसायला नको होतं. त्या खुर्च्या एकात एक घालत होत्या. म्हणाल्या, "मला सांगू नका, त्यांना फोन करा." मी केला. नंतर आम्ही बाहेर पायरीवर बसलो आणि मी विचारलं की हे टेबल मांडायचं तुम्हाला सुचलं कसं.

म्हणाल्या, "दोन हजार अकराची गोष्ट. आमच्या शाळेत जुने कॉम्प्युटर पडून होते, ते चालू करायचे होते. मी तुमच्या ग्रुपला मेल लिहिला. पाठवायच्या आधी वाटलं, बाकीचे कसे विचारतात ते बघावं. तर आदल्याच दिवशी एका बाईंनी विचारलं होतं, सगळं नीट बसवलंय पण आवाज येत नाही, काय करू. किती अदबीने विचारलं होतं हो. आणि खाली उत्तर..."

त्यांना ते उत्तर शब्द न् शब्द पाठ होतं.

"ही बालवाडी नाही. ज्यांना स्पीकरमधून आवाज काढता येत नाही त्यांनी संगणक विकून रेडिओ घ्यावा."

तुलाही पाठ असेल.

एमिलियाबाईंनी आपला मेल पुसून टाकला. पुढची तीन वर्षं त्यांनी कुणालाच काही विचारलं नाही, शाळेतले ते कॉम्प्युटर भंगारात गेले. "त्या बाईंचं नाव क्षमा होतं," म्हणाल्या, "आडनाव विसरले. त्या परत कधीच दिसल्या नाहीत. हे टेबल मी मांडते ना, ते त्यांना मनात धरून मांडते. कधी आल्याच तर."

मी विचारलं, उत्तर कुणी लिहिलं होतं? माहीत असून विचारलं. म्हणाल्या, "कर्नल म्हणून कुणीतरी. खरं नाव कुणाला ठाऊक!"

क्षमा, ते मी लिहिलं होतं.

ग्रुपवर सगळे मला त्याच नावाने ओळखायचे. माझी तिखट उत्तरं लोक एकमेकांना पाठवायचे, आणि मला ते आवडायचं. तू लिहिणार आहेस हेही मला माहीत होतं. मीच म्हणालो होतो ना, मला वेळ नाही, ग्रुपवर विचार. तुझ्या सासरच्या आडनावाखाली तुझा प्रश्न आला. मी तो वाचला आणि मला लाज वाटली. तुझी नव्हे, म्हणजे त्या वेळी तुझीच. ज्यांच्या मताला मी फार किंमत द्यायचो ते दोघे-तिघे आता हे वाचतील, आणि कधीतरी त्यांना कळेल की ही याची बहीण. कुणाला ते कळू नये म्हणून मी सगळ्यांच्या आधी आणि सगळ्यांहून मोठ्याने ओरडलो. त्याखाली अकरा जण हसले. मी ते मोजले होते.

त्या संध्याकाळी तू मला फोन केलास. रडत होतीस. "दादा, तुझ्या त्या लोकांनी माझी चारचौघांत लाज काढली," म्हणालीस. मी म्हटलं, "असतात गं काही माणसं तशी, लक्ष नको देऊस." तू विचारलंस, "कोण रे हा कर्नल? तुला माहीत आहे?" आणि मी म्हणालो, "नाही गं. असेल कुणीतरी."

लिहिलं ते एका मिनिटात लिहिलं. पण हे खोटं मी चौदा वर्षं बोलत राहिलो. दर भाऊबीजेला तुझ्यासमोर पाटावर बसून.

उत्तर एका ओळीचं होतं. आवाजाच्या खिडकीत 'म्यूट' लागलेलं असतं, M दाबलं की निघतं. एवढंच. तुझी अंधेरीची नोकरी गेली होती, घरी बसून डीटीपीची कामं घ्यायची म्हणून तू त्या मशीनवर मराठी टायपिंगसुद्धा बसवलं होतंस, एकटीने. ते जमलेल्या बाईला काय येणार नव्हतं? पंधरा दिवसांत तू तो संगणक देऊन टाकलास आणि साडीच्या दुकानात काउंटरला उभी राहिलीस. तुझ्या पायांच्या शिरा दुखतात, त्या फक्त माझ्यामुळे, असं लिहून मी स्वतःला मोठा करणार नाही. तुझी तेव्हा आणखीही कारणं असतील. पण मी कारण नव्हतो असं मला आता म्हणता येत नाही.

जानेवारीत त्या पायरीवर मी एमिलियाबाईंना काहीच बोललो नाही. घरी आलो. महिनाभर तुला पाण्याची वेळ विचारत राहिलो.

काल पुन्हा रविवार होता. दशरथ आले होते. कुर्ल्याहून आलेल्या एका निवृत्त नर्सबाईंशेजारी त्यांना बसवलं होतं. त्या बाईंचंही पासवर्डपाशी अडलं, त्या घाबरल्या. दशरथ हात पाठीमागे धरून म्हणाले, "दिसत नाही, पण त्याला कळतंय. तुम्ही टाका. मी तर नवीन कीबोर्ड आणला होता." आणि स्वतःच हसले. मी खिडकीशी जाऊन उभा राहिलो, कारण डोळे भरून आले होते.

सगळे गेल्यावर मी एमिलियाबाईंना सांगितलं. त्या एक्स्टेंशनची वायर गुंडाळत होत्या. ती तशीच हातात धरून खाली बसल्या.

मग विचारलं, "बहीण आहे हे माहीत होतं?"

"हो."

"त्यांना माहीत आहे, तो तुम्ही?"

"नाही."

"मला वाटायचं, असेल कुणी वीस-बावीसचा पोरगा, शिंगं फुटलेला. असं समजून मी त्याला कधीच माफ करून टाकलं होतं." वायर परत गुंडाळायला लागल्या. "आता पहिल्यापासून करायला लागेल. वेळ लागेल मला."

मी म्हटलं, मी येणं बंद करतो.

"ते कशाला? पळायला बरं पडेल म्हणून? माझं राहू द्या. मी तर प्रश्न विचारलाच नव्हता. ज्यांनी विचारला होता त्यांना सांगा. आणि माफी मागताना 'पण' लिहू नका." दाराला कुलूप लावताना म्हणाल्या, "मार्चमध्ये या. टेबलावर नाही बसायचं. दारात बसायचं. नवीन येईल त्याला पाणी द्यायचं, नाव विचारायचं, आत आणून सोडायचं. बस."

मी जाणार आहे. आज सकाळी ग्रुपवर माझ्या खऱ्या नावाने लिहिलंही, की कर्नल मी होतो आणि एका बाईंशी मी कसा वागलो. तुझं नाव घातलं नाही. ते सांगायचं की नाही हा तुझा हक्क. एमिलियाबाईंनाही अजून तुझा पत्ता किंवा नंबर दिलेला नाही. तू हो म्हणालीस तरच देईन. त्या भल्या बाई आहेत, क्षमा. तुझ्या एका प्रश्नावर त्यांनी किती माणसं उभी केली, ते तुला कुणीतरी सांगायला हवं होतं, आणि ते सांगणारा मी असायला नको होतो.

वाचताना 'पण' दिसले तर खोड. मी शोधून शोधून काढलेत, तरी राहिले असतील.

सॉरी, क्षमा. खूप सॉरी. तुझ्या नावाचा शब्द या जागी लिहायचं धाडस झालं नाही.

उत्तर यायलाच हवं असं नाही. राजेशरावांच्या ऑपरेशनला तू बोलावलंस तर येईन, नाही बोलावलंस तर इथून चौकशी करीन. वहिनीला मी कालच सगळं सांगितलं. ती माझ्याशी बोलत नाहीये, तुझ्याशी बोलेल.

खाली नेहमीसारखं 'तुझा दादा' लिहिणार होतो. ते मला म्हणायचं की नाही, हे आता तू ठरव.

देवदत्त