पोर्ट हॅलमच्या पायी गेलेली मिशी

मुर्री, गोंदिया
शुक्रवार, कॉलेजला निघण्यापूर्वी

तीर्थरूप ईश्वरदासमामांना हेमेंद्रचा साष्टांग नमस्कार.

तुमचे गुडघे, मामींची शुगर आणि देवरीकडचा धान कसा आहे ते कळवावे. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. ‘सगळे’ यात बाबाही आले. हे मुद्दाम वेगळं लिहितो, कारण सोमवारपासून तुमची समजूत वेगळी आहे. तुम्ही देवरीहून येणाऱ्या एका प्रवाशाच्या हाती धाडलेला पांढरा दुपट्टा आणि ‘दुःख झाले. ईश्वरदास.’ ही चिठ्ठी बुधवारी मिळाली. रीतीप्रमाणे मामाकडचा दुपट्टा थोरल्या मुलाच्या, म्हणजे माझ्या, डोक्याला बांधायचा. तो सध्या बाबांच्याच गळ्यात आहे. तो घालून ते ओट्यावर बसतात, चिठ्ठी उलटीसुलटी करतात (मागच्या बाजूला काही नाही, मी पाहिलं आहे). काल जेवलेही अर्धंच. मी फोन केला असता, पण आमच्या घरचा नंबर दिसला की तुम्ही उचलत नाही. आई गेली तेव्हापासूनच्या सहा वर्षांतले असे फोन माझ्या डायरीत तारखेसह आहेत. म्हणून पत्र.

या सगळ्याच्या मुळाशी फुटबॉल आहे. तुमचा धाकटा भाचा ओमेश शेती पाहतो, म्हणजे शेतीकडे पाहतो, हे तुम्हाला ठाऊकच आहे. चार वर्षांपूर्वी त्यानं गोंदियाच्या बाजारात परदेशी जुन्या कपड्यांच्या ढिगातून नारिंगी-काळ्या पट्ट्यांची एक जर्सी उचलली. पाठीवर ‘मॅकॲलिस्टर’ असं नाव. शहाण्या माणसानं तिचा मोटारसायकल पुसायला फडका केला असता. ओमेशनं मोबाइलवर शोध घेतला की हा मॅकॲलिस्टर कोण. तर तो न्यूझीलंडमधल्या पोर्ट हॅलम नावाच्या गावच्या क्लबाचा कधीकाळचा खेळाडू निघाला. खेळ सोडून त्यानं प्लंबिंगचं काम धरल्याचंही ओमेशला कळलं. तेवढ्यानं हा गडी त्या क्लबाचा भक्त झाला. क्लब तरी कसा? तिसऱ्या दर्जाच्या लीगमध्ये शेवटून दुसरा. मैदानाच्या कुंपणापलीकडे मेंढ्या चरतात आणि मधल्या सुट्टीत प्रेक्षक त्यांच्याकडे बघतात, कारण खेळापेक्षा तिथे हालचाल जास्त असते. आपल्या रेशन दुकानापुढे याहून मोठी गर्दी जमते. सामना कुणीतरी आपल्या मोबाइलवरून दाखवतं आणि दाखवणाऱ्याला खोकला आला की पोर्ट हॅलमचं अख्खं मैदान हलतं.

तिकडची दुपार म्हणजे आपली सकाळ. त्यामुळे मार्च ते सप्टेंबर, शनिवार-रविवारी सकाळी साडेसातला ओमेश जगाला उपलब्ध नसतो. जुलैत धानाच्या ऐन रोवणीत हा मोबाइल धरून शेताच्या कडेला धुऱ्यावर उभा. पाण्यानं भरलेल्या बांधीत अकरा बाया रोपं लावत वाकलेल्या. एकाएकी हा ‘अरे मागे पाह्य, मागे!’ असं जिवाच्या आकांतानं ओरडला. बायांनी साप समजून बांधी सोडली, एकीची चप्पल चिखलात गेली ती गेलीच. आणि तिकडे कुणा गोऱ्या बॅकनं मागे पाहिलंच नाही, गोल झाला तो झालाच. पण मला खरी चीड त्याच्या ‘आपण’ची येते. ‘आपण हरलो.’ ‘आपला गोलकीपर जखमी आहे.’ एकदा मी विचारलं, ‘आपला म्हणजे कोणाचा बे? त्याची माय मुर्रीची होय का?’ तर दोन दिवस माझ्याशी अबोला. ज्या गावी हा जन्मात जाणार नाही (याच्याकडे पासपोर्ट नाही, रायपूरपलीकडे हा गेलेला नाही), त्या गावच्या पावसाची याला काळजी, आणि आपल्या पाणी साठवायच्या बोडीचा पाट फुटला ते शेजाऱ्यानं येऊन सांगायचं. मी जास्त कठोरपणे लिहितो आहे का, असा प्रश्न इथे मला पडला. डायरी काढून पडताळून पाहिलं. नाही, बेतानंच लिहितो आहे.

तर गेल्या रविवारी त्यांचा शेवटचा सामना होता. बरोबरी केली असती तरी क्लब त्या लीगमध्ये टिकला असता. चार-शून्यनं हरले आणि खालच्या लीगमध्ये घसरले. त्याहून खाली बहुधा फक्त मेंढ्याच खेळतात. चाहत्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे, सत्तावन्न गोरे आणि अठ्ठावन्नावा आपला. त्यात सगळ्यांनी शपथ घेतली होती की क्लब घसरला तर सर्वांनी डोकं तासायचं. सामना संपल्यावर एकानं लिहिलं, थंडी फार आहे. दुसऱ्यानं लिहिलं, बायको नको म्हणते. तिसऱ्यानं नुसतं हसरं तोंड धाडलं. सत्तावन्नांपैकी एकाचाही केस खाली पडला नाही. साऱ्या पृथ्वीवर एकट्या मुर्रीनं पोर्ट हॅलमचा शब्द पाळला.

हा श्यामलालच्या दुकानात गेला. श्यामलालनं आपल्या तीन पिढ्यांची दाढी केली आहे. ओमेशचे डोळे लाल, आवाज बसलेला, खुर्चीत बसून म्हणाला, ‘पूर्ण काढून टाक.’ एवढंच. आता आपल्याकडे अशा वेळी न्हावी काही विचारत नाही, तुम्ही जाणताच. श्यामलालनं रेडिओ बंद केला, दुसऱ्या गिऱ्हाइकाला हातानंच थांबवलं आणि मुकाट्यानं डोकं उतरवलं. ओमेशनं डोळे मिटले होते (पहिल्या गोलची आठवण येत होती म्हणे). उघडले तेव्हा मिशीही गेली होती. श्यामलालनं पैसे घेतले नाहीत, उलट हात जोडले. या शहाण्याला वाटलं, चला, पोर्ट हॅलमचं दुःख समजणारा गावात एक तरी निघाला! त्याच्या गळ्यात पडून हा रडला.

आता तुम्हीच जोडून पाहा. डोकं सफाचट, मिशी नाही, डोळ्यांत पाणी. आणि बाबा चार दिवसांपासून गावात नाहीत, ते अर्जुनी मोरगावला मंजूकडे, तिच्या सासरी, तिथून जवळच्या प्रतापगडला महादेवाचं दर्शन घेऊन यायचं म्हणून गेलेले. त्यांचा मोबाइल नेहमीप्रमाणे बंद, कारण बॅटरी वाचवायची असते. (कशासाठी वाचवतात ते चार वर्षांत त्यांनी सांगितलेलं नाही.) सोमवारी दुपारपर्यंत बातमी नागऱ्यापासून थेट तुमच्यापर्यंत पोहोचली.

मी कॉलेजच्या ग्रंथालयातली नोकरी आटपून चार वाजता घरी आलो तो दारात चपलांचा ढीग. राइस मिलमधला मनिराम पुढारी झालेला, अर्जुनीहून छोटेलालभाऊंना ‘आणायला’ गाडी ठरवत होता. नागऱ्याची निर्मलाआत्या अंगणात बसून सूर लावून रडत होती, ‘माहा भाऊ राजावानी होता वं, मले न सांगता गेला वं,’ आणि मधेच श्वास घ्यायला थांबली की चहा झाला का ते विचारत होती. ओमेश आत गोधडी डोक्यावर घेऊन पडलेला. सगळे म्हणत होते, पोराला फार लागलं आहे. लागलं होतंच. मी खुलासा करणार होतो. पण आत्याच्या रडण्यात मला फट सापडेना.

तेवढ्यात रस्त्यावर ऑटो थांबला आणि बाबा उतरले. एका हातात पिशवी, दुसऱ्यात मंजूनं दिलेला भोपळा. दारी दुखवट्याला माणसं बसलेली पाहून ते गडबडले नाहीत. रीतीप्रमाणे टोपी काढली, भोपळा बाजूला ठेवला आणि सगळ्यात मागच्या रांगेत मांडी घालून बसले. थोड्या वेळानं पुढच्याला हळूच विचारलं, ‘कोन गेलं गा?’

‘छोटेलाल,’ तो मागे न वळता म्हणाला.

‘कोनता छोटेलाल?’

‘ह्याच घरचा, बाप्पा.’

बाबांनी जरा विचार केला. (मी खिडकीतून बघत होतो. मी ओरडायला हवं होतं, पण खरं सांगतो, पुढे काय बोलतात ते मला ऐकायचं होतं.) मग म्हणाले, ‘मानूस कसा होता?’

‘बरा होता. लय जिद्दी होता.’

बाबांनी पटल्यासारखी मान हलवली. मग आत्याची नजर गेली. ती आधी किंचाळली, मग उठली आणि लुगड्याचा पदर खोचून त्यांच्यावर धावली, ‘मेला नाईस तं फोन काऊन नाई केलास? दुपारपासून रडून राहिली मी!’ लोकांना आनंद झाला, पण थोडा हिरमोडही झालेला मला दिसला. गाडीवाल्यानं आगाऊ रक्कम परत करायला बरीच खळखळ केली. मग सगळ्यांनी चहा घेतला आणि ओमेशला बाहेर ओढून काढून त्याच्या तोंडून कारण ऐकलं. मनिरामनं तीनदा विचारलं, ‘कौन सा पोर्ट?’ आणि तिसऱ्यांदा उत्तर मिळाल्यावर तो शांतपणे आपली सायकल घेऊन निघून गेला.

बाबा मात्र रागावले नाहीत. ते ओट्यावर बसून मला विचारू लागले, कोण कोण आलं होतं. मी नावं सांगितली. धुऱ्यावरून ज्याच्याशी भांडण आहे तोही आला होता, हे ऐकून त्यांचा चेहरा खुलला. मग म्हणाले, ‘अन् ईश्वरदास?’ मी म्हणालो, देवरी लांब आहे. ते म्हणाले, ‘हो, लांब आहे.’ मंगळवारी सकाळी पुन्हा विचारलं. बुधवारी दुपट्टा आला आणि त्यांनी विचारणं बंद केलं.

मामा, लहान तोंडी मोठा घास घेतो. तेहतीस वर्षांपूर्वी दिवाळीनंतरच्या आमच्या मंडईच्या जत्रेत कबड्डीचा शेवटचा डाव होता, तुम्ही पंच होता, बाबा चढाईवर होते. त्यांनी दोघांना शिवून रेषेला हात लावला आणि तुम्ही म्हणालात, हात लागण्याआधी दम तुटला. मुर्री हरली. मी बारा वर्षांचा होतो, दोरीला लागून उभा होतो. तेव्हापासून तुम्ही दोघे एकमेकांशी जे बोललात ते आईच्या मार्फत, आणि आई गेल्यावर तेही संपलं. मी ओमेशला हसतो, पण हे पत्र लिहिता लिहिता मला दिसलं की त्याचं वेड त्यातल्या त्यात हलकं आहे. पोर्ट हॅलम दर आठवड्याला निदान नवा सामना हरतं. तुम्ही दोघे तेहतीस वर्षं एकच खेळता आहात, प्रेक्षक घरी गेले, दोरी कुजली, मैदानावर आता पाण्याची टाकी उभी आहे, तरी कुणी शिट्टी वाजवत नाही. असल्या माणसांच्या घरात ओमेश न निपजता तरच नवल.

असो. मामींना नमस्कार सांगावा. उणंअधिक लिहिलं असेल तर क्षमा असावी, आणि नसावी असं वाटलं तर तसं पत्रानं कळवावं, म्हणजे तुमचं पत्र तरी येईल.

तुमचा भाचा,
हेमेंद्र

ता. क. ओमेशच्या तुळतुळीत डोक्याचा फोटो त्या क्लबानं आपल्या पानावर लावला आहे आणि त्याला नवी जर्सी धाडणार आहेत. पाठीवर ‘ओमेश’ असं नाव असेल म्हणे. मिशी धाडण्याबद्दल काही लिहिलेलं नाही. हा आता खालच्या लीगच्या तारखा पाठ करतो आहे.

ता. क. दुसरा. पत्र तीनदा वाचलं. त्यात खोटं काही नाही, पण एक गोष्ट मी गाळली आहे आणि ती गाळून पाकीट बंद करवेना. सोमवारी सकाळी मी कॉलेजला निघालो तेव्हा मुर्रीच्या चौकात मनिरामनं मला अडवलं. खांद्यावर हात ठेवून म्हणाला, ‘भैया, जो सुना वो सच है क्या?’ काय ऐकलं असेल ते मला त्याच्या चेहऱ्यावरून तत्क्षणी कळलं. मला एवढंच सांगायचं होतं की माझ्या सख्ख्या भावानं न्यूझीलंडचा एक क्लब चार गोलांनी हरला म्हणून डोकं तासलं. ते माझ्या तोंडून निघेना. मी मान खाली घातली आणि हलवली. मग दिवसभर ग्रंथालयात पुस्तकांच्या नोंदी करत बसलो. भाऊ वेडा आहे यापेक्षा बाप मेला हे सांगणं मला सोपं वाटलं. त्या दिवशीच्या डायरीत मी फक्त ‘उकाडा’ एवढंच लिहिलं आहे. ओमेशबद्दल वर जे जे लिहिलं ते तुम्ही माझ्याही नावावर धरावं.

ता. क. तिसरा. बाबांनी माझ्या हातून पत्र ओढून घेऊन शेवटपर्यंत वाचलं. मान हलवण्याबद्दल मला जे म्हणाले ते लिहिण्यासारखं नाही. नंतर त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं की देवरीहून सकाळची पहिली गाडी किती वाजता निघते. आमची मंडई भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आहे. मी काही सुचवत नाही. खालचं त्यांनी सांगितलं तसंच उतरवतो आहे:

‘ईश्वरदास, दुपट्टा चांगला आहे, पन मले त्याचं काम नाई. मंडईले ये आनि सोता घेऊन जा. माहा दम तवाही तुटला नोता. येऊन पाहून घे.’