विहारातला ऑपेरा

११ मे २००३, पोंभुर्णा
नात संघमित्रा काल मुंबईहून आली. स्वरतंतूंना सूज, डॉक्टरांनी बोलण्यास मनाई केली आहे. २१ तारखेला मुंबईतच परीक्षा. जर्मनीतील एका ऑपेरा-मंडळास समूहगायनासाठी स्त्री-स्वर हवा आहे. इतक्या वर्षांचे शिक्षण त्या एका सकाळीवर. आवाज लागला नाही तर...

१३ मे
सकाळी स्वयंपाकघरातून बुडबुड्यांचा नाद. पाहतो तो ही पेल्यातील पाण्यात नळी बुडवून सूर फुंकते आहे. हाच उपचार, असे पाटीवर लिहून दाखविले. शेजारच्या शांताबाई तोडलेला तेंदूपत्ता ठेकेदाराकडे देऊन परतताना डोकावल्या.
"मास्तर, पोरगी मुकी झाली का जी?"
"मौन आहे."
"कोणावर रुसली?"

१५ मे
आज बोलण्याची परवानगी. पहिलेच वाक्य: "आबाजी, उद्या बुद्धपौर्णिमेले विहारात मी गाणार."
मी म्हणालो, येथे आवाज फाटला तर मुंबईस काय नेशील?
"इथी फाटला तर आपल्या माणसात फाटंल. तिथी फाटला तर..."
अपूर्ण वाक्य मला खपत नाही. आज खपवून घेतले.

१६ मे, पौर्णिमा
वंदना आटोपली. ती उभी राहिली. लाउडस्पीकरवाल्या रफीकने माईक पुढ्यात ठेवला. ती मागे सरली. घाबरली असे समजून त्याने तो आणखी पुढे सरकविला. ती आणखी मागे. अखेर पाठीस भिंत लागली.
"बाई, भेता काऊन? करंट नाई लागत!" सभा हसली.
"रफीकभाऊ, माईक नाई लागत मले."
"मंग मागच्याले कसं ऐकू येईन?"
ऐकू आले.
भाषा इटालियन. जन्मभर शब्दार्थ सांगितले, येथे एकही शब्द कळला नाही. आणि काही कळावयाचे राहिले असेही वाटले नाही. पत्र्याचे छप्पर थरारले, असे लिहिणार होतो. ती अतिशयोक्ती होईल. स्वर माझ्या फासळ्यांत जाणवला, हे मात्र सत्य. एवढ्याशा देहात हे कोठे राहते? रफीकने यंत्र केव्हा बंद केले, कोणास ठाऊक. हात बांधून उभा होता. टाळी वाजली नाही. मागून एका म्हातारीने, वंदनेच्या शेवटी म्हणतात तसे, "साधु" म्हटले. मग सर्वांनी, तीनदा.

१७ मे
आवाज घोगरा. पुन्हा पाटी. मी अडवावयास हवे होते काय? विचारले. तिने मान हलविली. अर्थ लागला नाही. सायंकाळच्या बसने गेली.

२१ मे
दुपारी शांताबाईंकडे फोन.
"आबाजी, पुरं गाईलं. मंग त्यायनं दुसरं गाणं मागतलं."
"म्हणजे निवडले?"
"तसं नसते. कळवतो म्हणाले."
दुसरे कोणते, असे विचारले. तिने तेथेच, बूथमध्ये उभ्याने, आरंभ केला. मी फोन कानापासून दूर धरला. शांताबाई पिठाच्या हातांनी जवळ आल्या, वाकून ऐकू लागल्या. कोठे काही फाटले नव्हते. वर जाणारा स्वर अजून वर जात असतानाच लाइन तुटली.
"ठेवा आता, मास्तर."
ठेववेना.