बोळकांडीतला तह

तीर्थरूप आत्या,

तुला साष्टांग नमस्कार. (आठांपैकी सहा-सातच अंगं जमिनीला टेकली. मध्ये पोट येतं, आणि ते हल्ली कुणाचं ऐकत नाही. उरलेलं तू मनात धर.) तुझे गुडघे काय म्हणतात? उजवा जास्त कुरकुरतो की डावा? तिसऱ्या मजल्यावरून दोरीला पिशवी बांधून तू अजून भाजी वर ओढतेस, असं तुझ्या खालच्या शेजारणीने फोनवर सांगितलं, आणि आमची ही दिवसभर माझ्याशी बोलली नाही, जणू ती दोरी मीच तुझ्या हातात दिली! इकडे आम्ही दोघं ठणठणीत आहोत. मी जरा जास्तच. आता तू विचारशील, अरे भोपळ्या, माझ्या खोलीचं काय झालं? सांगतो, पण मुळापासून सांगतो.

तू मोठ्या तोऱ्यात अट घातलीस की वेगळी खोली असेल तरच तुमच्याकडे राहायला येईन, कुणाची खोली अडवून पडणार नाही. म्हटलं, हात्तिच्या, एवढंच ना? घराच्या उजव्या अंगाला जागा होतीच. गवंडी बोलावला, पाया खणला. भिंत उभी राहताना मला तुझा तो ऐसपैस पलंग आठवला, पाय पसरून बसायची तुझी सवय आठवली, आणि मी गवंड्याला म्हटलं, सरकव अजून थोडी. त्याने सरकवली. मग मला तुझं शिवणाचं टेबल आठवलं. म्हटलं, अजून थोडी. (हा गवंडी इतका गुणी की 'नाही' हा शब्द त्याला ठाऊकच नाही. मी म्हणत राहिलो असतो तर तो शेजारच्या स्वयंपाकघरापर्यंत गेला असता.) आता दोन घरांच्या मध्ये नियमाने मोकळी जागा सोडावी लागते. कागदोपत्री तिला 'सामासिक अंतर' असं भारदस्त नाव आहे. आमच्याकडे नाव तेवढं भारदस्त राहिलं आणि जागेची झाली बोळकांडी.

आणि बोळकांडीच्या पलीकडे कोण, तर आपले टेलरकाका! माझी पहिली फुलपँट त्यांनी शिवली, लग्नाचा कोट त्यांनी शिवला, आणि तेव्हापासून माझ्या सगळ्या विजारी उसवून कमरेत वाढवायचं कामही त्यांच्याकडेच आहे. त्यांचं मशीन खिडकीशी, आणि खिडकी नेमकी आपल्या नव्या भिंतीसमोर. भिंत वर चढली आणि त्यांच्या मशीनवर भरदिवसा अंधार पडला. बिचारे आले, सरळपणाने म्हणाले, अरे, आम्ही सदऱ्याच्या शिवणीत सुद्धा दोन बोटं कापड माया म्हणून सोडतो, तू एवढ्या भिंतीला काहीच सोडली नाहीस. मी तुझ्या खोलीच्या धुंदीत होतो. म्हटलं, दिवा लावा की! झालं. त्यांनी माझी वाढवायला टाकलेली विजार आहे तशी कुंपणावरून परत फेकली आणि नगरपालिकेत अर्ज ठोकला. मग मीही इरेला पेटलो. ते अंगणात आले की मी आत, मी बाहेर पडलो की त्यांची पाठ. आमची ही आणि काकू मात्र कुंपणाशी उभ्या राहून तासन्‌तास बोलायच्या. विषय एकच, आपापल्या नवऱ्याची अक्कल.

शेवटी नगरपालिकेचे इंजिनियरसाहेब पाहणीला आले. शिडशिडीत माणूस, हातात टेप. त्यांनी टेप उलगडायच्या आत मी तोंड उघडलं (ही माझी खोड तू जाणतेसच) आणि म्हटलं, साहेब, मोजता कशाला? यातून चांगला धडधाकट माणूस आरामात जातो, हे बघा! आणि शिरलो. आत्या, शपथेवर सांगतो, सुरुवातीची पावलं खरंच आरामात पडली. पण भिंतीला गिलावा व्हायचा होता. उघड्या विटांनी शर्ट धरला, पोटाने हात टेकले, आणि नेमका काकांच्या खिडकीसमोर मी पाचरीसारखा घट्ट बसलो. पुढे जाईना, मागे येईना. श्वास सोडला की तसूभर सरकायचो, घेतला की पुन्हा जागच्या जागी. साहेबांनी शांतपणे लिहून घेतलं की जाता येत नाही. शेजाऱ्यांची लेखी संमती आणा, नाहीतर भिंत उतरवा, असं बोळकांडीच्या तोंडाशी वाकून मला सांगितलं आणि निघून गेले. आणि मी आत!

आमची ही एका टोकाने ओढतेय, काकू दुसऱ्या टोकाने साबणाचं पाणी ओततायत, आणि हसू काही दोघींना आवरत नाही. (पाण्याचा उपयोग एवढाच झाला की मी स्वच्छ अडकलो.) हसून हसून दमल्या तशा दोघी चहा टाकायला गेल्या. राहिलो मी आणि काका, नाकासमोर नाक, मध्ये खिडकीचे गज. बोलायचं नाही म्हटलं तरी बघायचं कुठे? काकांनी मला न बघितल्यासारखं केलं आणि सुईत दोरा ओवायला घेतला. चुकला. दोरा ओठांत ओला करून पुन्हा. पुन्हा चुकला. चष्मा वर, चष्मा खाली. आत्या गं, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतक्या जवळून तो अंधार मी बघितलाच नव्हता. माझा एक हात मोकळा होता, तो गजांतून आत घातला. त्यांनी सुई धरली, मी दोरा ओवला. मग त्यांनी दुसरी सुई धरली. मग तिसरी. (तो माणूस पक्का धंदेवाईक, पुढच्या आठवड्याच्या सुयाही ओवून घेतल्या!) तेवढ्यात कधीतरी मी म्हटलं, काका, चुकलो, भिंत काढतो. ते म्हणाले, मग आत्याचं काय? (त्यांना सगळं ठाऊक. काकू!) मी आणखी एक सुई ओवली. ते म्हणाले, तू आधी बाहेर तर ये. आणि कात्री घेऊन, गजांतून हात काढून, त्यांनी माझा शर्ट उसवला. फाडला नाही हं! स्वतःच्या हातचा शर्ट, शिवण-शिवण करत सोडवला, बटणं काढून डबीत ठेवली. विजारीवर वेळ आली नाही, नशीब. असा मी फेसाने माखलेला, बनियनवर बाहेर आलो आणि काकांना मिठी मारली. त्यांनी मला जरा लांबच धरलं, कारण मी ओला होतो, पण धरलं.

तर असा तह झाला. काकांनी अर्ज मागे घेतला, मी भिंत मागे घेतो. खोलीला थोडा उशीर लागेल, एवढंच. तू काळजी करू नकोस, औषधं वेळेवर घे, आणि जिना उतरायचं धाडस मुळीच करू नकोस.

तुझा,
भोपळ्या

ता. क. 'थोडा उशीर' हे शब्द वाचून हिने डोळे वटारले, म्हणून खरं लिहितो. भिंत मागे घेतली असती तर आत तुझा पलंग मावला असता, पण तू मावली नसतीस. म्हणून ती सगळीच पाडली. खोली नाही, आणि होणारही नाही.

आणखी एक ता. क. आमची झोपायची खोली आता तुझी. आम्ही आमचा बाडबिस्तरा बाहेरच्या खोलीत हलवलासुद्धा. काकांनी तुझ्या खिडकीला पडदे शिवून दिले. तुझी अट मोडली, आता तू रागावशील. रागाव, पण इथे येऊन रागाव. आई-बाबा गेल्यावर मला रागावणारं तुझ्याशिवाय कोण उरलंय गं?

शेवटचा ता. क. हे पत्र पोस्टाने आलेलं नाही. आणून देणारा तो काकांचा जावई, त्याच्याबरोबरचा त्याचा भाऊ, आणि खाली टेम्पो उभा आहे. पत्र इतकं लांबवलं ते तू वाचत बसावीस म्हणून. एव्हाना तुझं कपाट जिन्यात निम्म्यावर पोचलं असेल. आता उठू नकोस. बसली आहेस त्या खुर्चीचे हात तेवढे घट्ट धर, पुढच्या खेपेला ते तीच न्यायला येतायत.